सोलापूरच्या थंडीत गाडीला वॅक्स: गरज की चोचले?

होटगी रोडवाला

कॅनडातल्या मावसभावाने परवा फोटो पाठवला. बर्फ पडायच्या आत त्याने गाडी धुतली, पुसली, सीलंट (रंगावर बसणारा संरक्षक लेप) चढवून मोकळा झाला. तिकडे रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात आणि ते खारट पाणी हिवाळाभर गाडीला चिकटत राहतं. मी आमच्या ग्रुपवर सहज म्हटलं, आपणही डिसेंबरातच उरकून घेऊ. त्यावर जे हसं झालं, त्याला इथे निवांत उत्तर देतोय.

मीठ आपल्याकडे नाही, बर्फ तर कुल्फीच्या गाड्यावरच. पण एप्रिल-मेचं ऊन आहे, आणि त्या उन्हात हे काम करता येत नाही. ४२ अंशांत सावलीतलं बॉनेटही तापलेलं असतं. वॅक्स पसरेपर्यंत वाळून जातं, मग ते पांढरे डाग नखाने काढत बसा. आत्ता पहाटे १५च्या आसपास, दुपारी ३०. पत्रा गार, हात गार, डोकंही गार. लावायचं ते आत्ताच.

आणि लावायचं का, तर रंगाच्या वरचा पारदर्शक थर (क्लिअर कोट) जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा. बहुतेकांच्या डोक्यावरचा केस त्याहून जाड असतो. हा थर उन्हाने गेला की टपावर पापुद्रे सुटतात. मग वॅक्स, पॉलिश काही कामाचं नाही, थेट पेंटर.

कडक भाकरी

काय सांगलालास बे! तुझ्याच हिशोबाने बघू. साधं वॅक्स टिकतं सहा ते आठ आठवडे. डिसेंबरात लावलंस की फेब्रुवारीत संपलं. मग मेच्या उन्हाला काय तुझ्या मावसभावाचा फोटो दाखवायचा?

दुसरं, पाणी. आमच्या गल्लीत नळ चार दिवसांआड येतो. वॅक्सच्या आधी गाडी नीट धुवायची म्हणजे दोन बादल्या तरी पाहिजेत. बोअरचं वापरलं तर वाळल्यावर क्षारांचे गोल गोल ठिपके, तेही रंगात बसतात. घरात हे सांगून बघ, दोन्ही बादल्या डोक्यावर येतील.

माझी बोलेरो नऊ वर्षांची आहे. वॅक्सचं बोट लावलेलं नाही. उभी आहे की ठणठणीत.

होटगी रोडवाला

बोलेरो पांढरी आहे ना? मग दाखला बाद. पांढरी गाडी ऊनही पचवते आणि ओरखडेही लपवते. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीचं बोला.

वॅक्सच्या आयुष्याचं मात्र बरोबर, तिथे मी ढिलं लिहिलं. कार्नोबा वॅक्स हे ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचं मेण. चमक सुंदर देतं, पण लवकर उतरतं. म्हणून मी सीलंटच्या बाजूने आहे. ते कृत्रिम पॉलिमर, साधारण चार ते सहा महिने धरतं. जानेवारीच्या शेवटी लावलं तर मे निघतो. वरून ते कोरडं बसतं, धूळ कमी धरतं असा माझा अनुभव. आपल्याकडे चमकेपेक्षा धुळीचं महत्त्व जास्त.

अक्कलकोट-तुळजापूर फेऱ्या

दोघांचं वाचलं. माझा धंदाच गाडीचा, देवदर्शनाच्या फेऱ्या. वस्तादाने शिकवलं होतं, रॉकेलचा बोळा फिरवायचा, गाडी आरशासारखी दिसते. दिसते की! पण तुळजापूरला पोचेपर्यंत त्या तेलकटपणावर एवढी धूळ बसते की गाडी शेतातून काढल्यासारखी. कधी रॉकेल नाही मिळालं तर डिझेल. नंतर एका पेंटरने झापलं, म्हणाला, याने होतं-नव्हतं तेवढं वॅक्सही निघून जातं. तेव्हापासून बंद.

सीलंट एकदाच लावून बघितलं. पहाटे गाडीवर येणारे किडे ओल्या फडक्याने पटकन निघायला लागले, एवढा फरक नक्की पडला. पण कडक भाकरी म्हणतात तेही खरं आहे दादा, माझा एक दिवस गेला म्हणजे एक भाडं गेलं.

जुळे सोलापूरची ताई

तुमचं सगळं भांडण बाटलीवरून चाललंय. रोज सकाळी काय होतं ते कुणी बघतच नाही.

थंडीत रात्री दव पडतं. गाडीवर आधीच धूळ असते, दोन्हींचा मिळून पातळ चिखल होतो. सहा वाजता गाडी पुसणारा मुलगा येतो आणि काल वापरलेल्या त्याच फडक्याने गोल गोल पुसतो. सकाळी दहाच्या उन्हात मी बॉनेटकडे तिरकं बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे, सूर्याभोवती खळं पडल्यासारखे. गाडी दोन वर्षांचीही नव्हती. त्याच्यावर कितीही वॅक्स घाला, दुसऱ्या दिवशी तोच मुलगा, तेच फडकं.

मी त्याला सांगितलं, आधी पाण्याचा फवारा मार, चिखल खाली वाहू दे, मग टॉवेल नुसता पसरून उचल. घासायचं नाही. टॉवेल आपलाच, सोलापुरी टर्किश, कडेची शिवण कापून टाकलेली, कारण ती कडक असते. मायक्रोफायबर आणायला सांगणाऱ्यांनी सांगावं, मला तरी हा पुरतो.

होटगी रोडवाला

ताई, पसरून उचलण्याचं एकदम मान्य. टॉवेलबद्दल मात्र नाही. नवा कोरा असेपर्यंत ठीक, पण बोअरच्या पाण्यात धुऊन धुऊन त्याचे धागे ताठ होतात. अंग पुसायला मजा येते, गाडीला नाही. यात गावाचा अपमान करायचा हेतू नाही!

दवावरून आठवलं. थंडीत लोक एक चूक करतात: सकाळी लवकर, ओलसर पत्र्यावर वॅक्स लावतात. ते धरतच नाही. पत्रा पूर्ण कोरडा पाहिजे, म्हणजे साडेनऊ-दहानंतर, सावलीत. गार हवेत डब्यातलं वॅक्स घट्ट होतं आणि लोक जास्त ओरपून घेतात. बोटाने थोडंसं घ्या, तळहातावर चोळा, पातळ फिरवा. गारव्यात ते वाळायलाही वेळ घेतं. कडेला बोटाची एक रेघ ओढून बघा: रेघ स्वच्छ उमटली तर पुसा, फरफटली तर थांबा. आणि सीलंट लावलेली गाडी त्या रात्री उघड्यावर ठेवू नका, दव पडायच्या आत झाका किंवा शेडखाली घ्या.

जुनी आठशे

मी निवृत्त माणूस, १९९६ची मारुती ८०० आहे, लाल. तिला क्लिअर कोट वगैरे नाही, नुसता रंग. वॅक्स लावून पुसलं की फडकं गुलाबी होतं. पहिल्यांदा घाबरलो, वाटलं गाडी सोलून निघते. मग एका जुन्या पेंटरने समजावलं की तो उन्हाने मेलेला वरचा रंग, तो जाणारच. दर थंडीत एकदा हाताने करतो. शेजारी म्हणतात, काका, गाडीच्या किमतीपेक्षा मेण महाग झालं. त्यांना म्हटलं, गाडी विकायची कुणाला आहे?

नव्या गाडीवाल्यांना एक विचारतो. घरच्या नव्या गाडीला डिलिव्हरीच्या वेळी शोरूमवाल्याने टेफ्लॉन कोटिंग म्हणून पाच हजार लावले. पावसाळा संपायच्या आत पाण्याचे थेंब जमायचे थांबले. स्वयंपाकाच्या तव्यावर टेफ्लॉन बसवायला भट्टीची उष्णता लागते म्हणतात. मग हे दुपारी दोन तासांत कसं बसलं?

कडक भाकरी

बसलं नाही काका, तुमच्या खिशातून उठलं. हेच म्हणतोय मी! वॅक्स, सीलंट, टेफ्लॉन, आता सिरॅमिक. मला एकाने सिरॅमिकचे वीस हजार सांगितले. वीस हजारांत वर्षाचा इन्शुरन्स निघतो.

होटगी रोडवाला

नावाला फसवलं म्हणून कामच खोटं ठरत नाही. सीलंटची बाटली काही शे रुपयांत येते आणि तीन-चार वेळा पुरते. दुपार जाते, एवढंच.

आणि थंडीत एक शत्रू वाढतो, तो तुम्ही विसरलात: भोरड्या. जोंधळा हुरड्यात आला की थवेच्या थवे उतरतात, संध्याकाळी झाडावर वस्तीला. आमच्या कोपऱ्यावरच्या झाडाखाली एक रात्र गाडी लावली, सकाळी टपावर रांगोळी. दोन दिवस लग्नाच्या गडबडीत राहून गेलं आणि ती विष्ठा काढली तेव्हा खाली रंगावर वाटीच्या कडेसारखा वळ. ती आम्लधर्मी असते, वर दुपारचं ऊन, क्लिअर कोट खातेच. सीलंट असतं तर थोडा अवधी मिळाला असता. विष्ठा आठवडाभर तशीच ठेवली तर सीलंटही वाचवणार नाही, हे कबूल.

जुळे सोलापूरची ताई

झाडाखाली लावूच नका की.

होटगी रोडवाला

सावली कुठे आहे ताई या गावात?

कडक भाकरी

बरं ऐक. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आधी येतो तुझ्याकडे. बोलेरोचं बॉनेट अर्धं-अर्धं कर. मधे कागदी चिकटपट्टी मार, डावीकडे तुझं सीलंट, उजवीकडे श्री सिद्धेश्वराची कृपा. गड्ड्यात होम मैदानाजवळ गाडी लावली की तासाभरात बॉनेटवर बोटाने नाव लिहिता येतं, त्याहून कडक परीक्षा नाही. पाणी तू द्यायचं.

होटगी रोडवाला

ठरलं. पाणी माझं, शेंगाचटणी-भाकरी तुझी. बॉनेटवर बोटाने नाव लिहू नकोस, तेवढं कर. धुळीचे खडे असतात, नाव कायमचं राहतं.

कडक भाकरी (फेब्रुवारीचा शेवट)

कबूल करतो: काल पाणी मारलं तर डावीकडे थेंब मोत्यासारखे पळाले, उजवीकडे पसरून बसले. धूळ मात्र दोन्हीकडे सारखीच दिसते, आणि पुसणाऱ्याने ओरखडेही दोन्हीकडे सारखेच मारलेत, ताईंचं खरं. त्यामुळे अजून माझं पूर्ण मतपरिवर्तन झालेलं नाही.

पण एक घोटाळा झालाय. कुठली बाजू कुणाची ते विसरू नये म्हणून मधली चिकटपट्टी तशीच ठेवली होती. दीड महिना ऊन खाल्लं तिने. आज ओढली तर कागद निघाला आणि डिंकाचा पट्टा बॉनेटच्या मधोमध तसाच. तो कशाने काढू? रॉकेल सोडून सांगा.