स्टेडियममध्ये बसून मोठी मॅच बघितलेले कोण कोण आहात?

कॅम्पातला लेफ्ट बॅक:
काल मडगावला लग्नाला गेल्तो. फातोर्ड्याच्या स्टेडियमवरनं गाडी गेली आणि २०१७ चा सतरा वर्षांखालचा फुटबॉल वर्ल्ड कप आठवला. १० ऑक्टोबर, इराण-जर्मनी. आम्ही सगळे जर्मनीवाले, गालावर झेंडे रंगवून चोर्ला घाटानं गेलेलो. एका तिकिटात दोन मॅच, आधी कोस्टा रिका-गिनी. मग इराणच्या पोरांनी जर्मनीला ४-० धुतलं! डेल्फीनं हाफटाइमच्या आतच दोन मारले. दुसऱ्या वेळी नेमके पुढचे काका उठले, मला काय दिसलंच नाही. पण टीव्हीवर न कळणारं एक कळलं, बॉल पायात नसलेली पोरं किती पळतात ते. आमच्या बाजूचा इराणचा डिफेंडर सारखा हात करून ओरडत होता. भाषा कळंना, पण बेळगावात लेले ग्राउंडवर आम्ही ओरडतो तेच असणार, ‘वर या की रे!’
सांगा तुमचं.

लोंढा जंक्शन:
आम्ही रेल्वेनं गेलेलो. गेटवर पाण्याची बाटली, पॉवरबँक, चकल्या सगळं बाहेर ठेवायला लावलं. सासूबाईंच्या चकल्या हो! मॅच कुठली ते आता आठवत नाही.

निपाणीची सून:
😂 चकल्या आठवतात, मॅच नाही.
आमच्याकडं सगळे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर वाढलेले. अनिकेत जाधव भारताच्या टीममध्ये म्हटल्यावर आमचे हे दिल्लीला जायला बॅग भरून तयार. रजाच मिळाली नाही. जीक्सननं कोलंबियाला गोल मारला, वर्ल्ड कपातला भारताचा पहिला, तेव्हा घरात एवढा दंगा की दूध उतू गेलं.

दोह्यातला खानापूरकर:
कतारचा वर्ल्ड कप, लुसैल स्टेडियम, २६ नोव्हेंबर २०२२, अर्जेंटिना-मेक्सिको. ड्युटीवरनं तसाच गेलो. सौदीकडनं हरल्यामुळं अर्जेंटिनावाले टेन्शनमध्ये, गाणी म्हणायचे आणि मध्येच गप्प व्हायचे. ६४व्या मिनिटाला मेस्सीनं बॉक्सच्या बाहेरनं डाव्या पायानं जमिनीलगत कोपऱ्यात घातला. शेजारचा अनोळखी बाप्या माझ्या गळ्यात पडून रडायलाय, मी त्याची पाठ थोपटालोय. ८८,९६६ माणसं होती. बाहेर पडल्यावर मेट्रोच्या रांगेत पायाचे तुकडे पडले.

कॅम्पातला लेफ्ट बॅक:
आख्खं खानापूर बसवून जागा उरली असती की रे.

दोह्यातला खानापूरकर:
जांबोटीपण घे त्यात.

वडगावची आत्या:
भाचा कोलकत्त्याला होता तेव्हा, सॉल्ट लेक स्टेडियमला त्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपची फायनल बघून आला. स्पेन २-० पुढं, म्हणून शेजारची दोघं उठून गेली म्हणे. इंग्लंडनं ५-२ नं जिंकली! तो अजून सांगत असतो. लग्नाचं बघालोय त्याचं, कुणाच्या बघण्यात असेल तर कळवा.

गणेशपूर:
चोर्ला सध्या कसा आहे? शनिवारी जायचंय, सोबत लहान पोरं आहेत.

कॅम्पातला लेफ्ट बॅक:
सकाळी लवकर निघ. पोरांना वळणं लागत असतील तर पुढं बसव. आणि येताना काजू आण.

निपाणीची सून:
आत्या, भाचा काय करतो?