राजे गेले म्हणून चित्रकला संपली? मला नाही पटत

रंगपेटी_सातारा: परवा एका ज्येष्ठ व्यक्तिचित्रकारांनी लिहिलं की सौंदर्य दाखवणं हेच चित्रकाराचं काम, नव्या चित्रकलेत 'बाकी सगळा गोंधळ', आणि संस्थानं गेली तशी चित्रकाराला पोसणारी नजरही गेली. दोन दिवस गप्प बसले पण राहवत नाही. माझे बाबा आयुष्यभर तैलरंगात पोर्ट्रेट करायचे. एका नगरपालिकेनं माजी अध्यक्षांचं पोर्ट्रेट सांगितलं, बाबांनी नुसत्या फेट्याच्या जरीवर आठवडा घालवला, सावलीत जर पिवळी नसते, हिरवट तपकिरी दिसते हे मला जवळ बसवून दाखवायचे, आणि तिथले साहेब येऊन म्हणाले चेहरा गोरा करा. बाबांनी केला, कारण बिल अडकलं होतं. आता सांगा, ते सौंदर्य कोणाचं?

कोटितीर्थ: ताई, वाईट वाटलं वाचून, पण तो साहेब गिऱ्हाईक होता, आश्रयदाता नव्हे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आबालाल रहिमान यांना दरबारी चित्रकार केलं, तरी ते रंकाळा नाहीतर कोटितीर्थ तलावावर जाऊन पाणी नि झाडं रंगवत बसायचे. ही मोकळीक कुठली नगरपालिका देते? १९२२ ला महाराज गेले नि आबालालांचा आधारच गेला.

रंगपेटी_सातारा: म्हणजे आश्रय एकाच माणसावर टांगलेला, तो गेला की सगळं संपलं, मी तेच म्हणतेय! रविवर्म्यालाही बडोद्याची, त्रावणकोरची मोठी कामं होती, पण १८९४ ला मुंबईत छापखाना काढला तेव्हा त्याची लक्ष्मी नि सरस्वती आपल्या आजीच्या देवघरात आली. तिला कुठल्या राजानं पोसलं? आणि चित्रकार गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन चित्रं पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात आहेत, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीभूमिकेतलं. नाटकाचं तिकीट काढून कुणीही बघतो, आणि ते थिएटर महापालिकेचंच आहे.

ब्रश_नं_१२: सगळं ठीक, पण आजचे निम्मे 'वास्तववादी' प्रोजेक्टर लावून फोटो ट्रेस करतात, त्यावर कोणी बोलणार का? मी क्लास घेतो, मुलांना समोर माणूस बसवला की हात थरथरतो.

कोटितीर्थ: झालं, आला प्रोजेक्टर. विषय काय चाललाय?

ब्रश_नं_१२: विषय हाच आहे! चित्रकार सा. ल. हळदणकरांचं समईवालीचं चित्र घ्या, म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, अजून लोक रविवर्म्याच्या नावावर खपवतात, डोकं फिरतं माझं. स्वतःची मुलगी गीता उभी केली होती त्यांनी. ज्योतीआड धरलेल्या हाताच्या बोटांतून उजेड लालसर झिरपतो, आणि हे जलरंगात! जलरंगात पांढरं म्हणजे कोरा ठेवलेला कागद, चुकलं की झाकता येत नाही. ते काय फोटोवरून येतं?

निळा_कॅनव्हास: फोटो वापरला की कला बाटली, हा सोवळेपणा पुरे. माझे काका पेन्शनवर आहेत, डोळे अधू, मॉडेलला पैसे देणं परवडत नाही, फोटोवरून नातवंडं रंगवतात. त्यांना खोटं म्हणणार?

ब्रश_नं_१२: काकांना नाही म्हटलं. फोटोवरून करून 'समोर बसवून केलं' सांगत लाखभर घेणाऱ्यांना म्हणतोय. बरं, काकांपुरतं मागे घेतो.

निळा_कॅनव्हास: आणि ते 'बाकी सगळा गोंधळ' लिहिणाऱ्यांनी एकदा औंधला जावं. तिथले राजे पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, त्यांच्या संग्रहालयात रविवर्मा आहे आणि नव्या वळणाचा इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही आहे. सातारा जिल्ह्यातला राजा मूर घेतो आणि आपण अजून वास्तववादी की नवे यावर भांडतोय.

कोटितीर्थ: हे माझ्याच बाजूनं आहे. राजा होता म्हणून मूर औंधात आला.

रंगपेटी_सातारा: मान्य, बघणारा राजा होता. औंधपुरतं मान्य, त्यापुढे नाही. हळदणकर स्वतःचा क्लास चालवायचे, बाबांनीही घर शिकवण्यांवरच चालवलं. ते पोर्ट्रेट अजून त्या सभागृहात आहे, गोरंच. रंगवण्याआधी बाबांनी पुठ्ठ्यावर छोटा स्टडी केला होता, तो आमच्याकडे आहे. त्यात अध्यक्ष सावळे आहेत, आणि कानाच्या पाळीवर खिडकीचा उजेड आहे.