‘पाहिजे’ची जात कोणती?

ओसरी :
मंडळी, घरबसल्या एक काम घेतलंय. मराठी वाक्यं येतात, एकेका शब्दावर टिचकी मारून यादीतून त्याची जात निवडायची. शाळेतल्याच आठ, वर एक ‘इतर’. पैसे शब्दामागे. (किती ते विचारू नका.) काल ‘तुला पाहिजे ते घे’ आलं. मी डोळे झाकून ‘पाहिजे’ला क्रियापद दिलं. तपासणाऱ्या बाईंनी परत पाठवलं : ‘विशेषण. त्या जागी हवे घालून पाहा.’ घातलं. ‘तुला हवं ते घे.’ हवा-हवी-हवं असं चालतं म्हणजे विशेषणासारखंच की! अशी चाळीस वाक्यं अडकलीत. काय देऊ?

टाकभात :
क्रियापदच द्या. एकाच्या पाटावर दुसरा बसला म्हणून दोघे एका घरचे होत नाहीत. ‘पाहिजे’ लिंगाने बदलतं का? चहा पाहिजे, साडी पाहिजे, पाणी पाहिजे. वचनाने मात्र बदलतं : चार आंबे पाहिजेत. हा ‘त’ आहेत, नाहीत, येतात यांच्यातला. दुकानांच्या दारावर पाटी असते बघा, ‘कारागीर पाहिजेत’. विशेषणाला असा ‘त’ लागलेला दाखवा, मिशी उतरवतो.

मोडीवाला :
मिशी असू द्या. ते ‘पाहणे’चं जुनं कर्मणी रूप आहे. ज्ञानेश्वरीत म्हणिजे, जाणिजे अशी रूपं पानोपानी भेटतात. म्हणिजे = म्हटलं जातं, पाहिजे = पाहिलं जातं. ती रूपं बोलण्यातून गेली, हे एक राहिलं, तेही अर्थ बदलून. आणि दुसरं राहिलं ते आपलं रोजचं ‘म्हणजे’! म्हणिजेचंच म्हणजे झालं. आज त्याला उभयान्वयी म्हणतात. सख्खे भाऊ, एक क्रियापदांत, एक अव्ययांत. तेव्हा जात जन्मावरून ठरवायची सोय नाही.

कोपऱ्यातला :
तो ‘जात’ शब्द कधी सोडणार आपण? शब्दवर्ग म्हणा, शब्दप्रकार म्हणा. सहावीतल्या मुलीने परवा विचारलं, ‘बाबा, शब्दांनापण असते?’ काय सांगू तिला?

टाकभात :
जात म्हणजे प्रकार, सांगा. तांदळाची नसते का?

कोपऱ्यातला :
तांदळाला दाखला काढावा लागत नाही.

नाममात्र :
आठच का, हे कुणी विचारत नाही. निरुक्त लिहिणाऱ्या यास्काने संस्कृतात चार मानल्या : नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग, निपात (च, वा असले शब्द). पाणिनीचं तर दोनांत भागलं, सुबन्त (विभक्तीचे प्रत्यय घेणारे) आणि तिङन्त (क्रियापदाचे प्रत्यय घेणारे). अव्ययंसुद्धा त्याने सुबन्तातच सरकवली. आठांची सवय आपल्याला लागली ती इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836चं. पुढे मो. के. दामल्यांनी 1911 साली बारीक चिकित्सा केली, पण शाळेत आठ ते आठच. पाहिजे, हवा, नको ही तीन कार्टी त्या रांगेत कधी सरळ उभी राहिली नाहीत.

वेंगुर्लेकर :
आमच्याकडे ‘माका पाणी होया’. आजोळ गोव्यात, तिथे ‘जाय’. लहानपणी सुट्टीत गेलो की आजी विचारायची, ‘च्या जाय?’ आणि मला वाटायचं, ही मला घालवतेय. चार दिवस च्याविना काढले. ‘हवा’ हासुद्धा आमच्या होयाचाच भाऊ असणार, ‘व्हावा’तून आलेला. वाऱ्याशी त्याचा संबंध नाही.

ओसरी :
गोड आहे, पण माझी चाळीस? आणि टाकभातकाका, आत्ताच हे आलं : ‘मला चार आंबे पाहिजे होते.’ तुमचा ‘त’ कुठे गेला? ‘पाहिजेत होते’ तर कुणी म्हणत नाही. इथे क्रियापद ‘होते’. मग ‘पाहिजे’ कोण? ‘आंबे पिकलेले होते’ यातल्या ‘पिकलेले’च्याच जागेवर बसलंय की. वस्तरा काढा.

टाकभात :
संयुक्त क्रियापद आहे ते. ‘येत होते’सारखं.

नाममात्र :
‘येत’ हे धातुसाधित, ‘त’ प्रत्यय लागलेलं. ‘पाहिजे’ कुठला प्रत्यय लागून धातुसाधित झालं ते सांगा.

टाकभात :
जेवून सांगतो.

रानमेवा :
काका जेवेपर्यंत माझं घ्या. आमची लेक ‘मला पाहिजेल’ म्हणते. सासूबाई पुण्याच्या, ‘चहा हवाय का’वाल्या. त्यांना ‘पाहिजे’च उद्धट वाटतं, तर ‘पाहिजेल’ म्हटलं की त्या पोळी अर्धी टाकून उठतात. एवढं काय चुकलं त्यात?

मोडीवाला :
चुकलं नाही. करेल, येईल, लागेल यांच्यातला ‘ल’ तो. ‘पाहिजे’ला भविष्यकाळ नव्हता, लोकांनी करून घेतला. उद्या पंगतीला पन्नास पत्रावळी पाहिजेल.

टाकभात :
जेवलो. पंगतीला पन्नास पत्रावळी *लागतील*. चांगला शब्द असताना हे कशाला? आणि ती मुलगी उद्याचं बोलतच नाहीये, तिला चॉकलेट आत्ता पाहिजे.

रानमेवा :
काका, तुम्हीच मघाशी म्हणालात क्रियापद आहे म्हणून. क्रियापदाला काळ नको?

कोपऱ्यातला :
‘नको’चं काय? ‘चार नकोत’, ‘जाऊ नकोस’, ‘नकोसा झालाय’. एकाच शब्दात क्रियापद आणि विशेषण दोन्ही!

ओसरी :
मी सगळी चाळीस ‘इतर’ करून पाठवली. आत्ताच परत आली. शेरा : ‘इतर चालणार नाही. योग्य जात पाहिजे.’

टाकभात :
पाहिजेल नाही म्हणाल्या ना? मग बाई चांगल्या आहेत.

वेंगुर्लेकर :
मालवणीत ‘नको’चं बहुवचन होतं की नाही, हे आईला विचारून सांगतो.