मानसिक आघातावरील अपरिचित थेरपी : ‘मोकळे वाटले’ हा पुरावा मानावा काय?

पंचगंगाकाठ (मूळ मांडणी)

हे मी माझ्या वहिनीला विचारून लिहीत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या पुरात घरात पाणी शिरले तेव्हा ती दोन लहान मुलांना घेऊन रात्रभर माळ्यावर बसून होती आणि होडी पोहोचली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. पुढची दोन वर्षे वरवर सारे ठीक होते. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढू लागले आणि तेव्हापासून पावसाचा जोर वाढला की ती जागच्या जागी हरवते. डोळे उघडे असतात, हाक मारली तर ‘हं’ म्हणते, पण तेवढ्या वेळातले तिला नंतर काही आठवत नाही. डॉक्टरांनी याला डिसोसिएशन म्हटले, म्हणजे भान आणि आठवण यांचा धागा तात्पुरता तुटणे. घरातल्या थोरल्यांनी आधीच दुसरे नाव ठेवले होते, ते येथे लिहीत नाही.

गेल्या वर्षी एका नातेवाइकांच्या आग्रहावरून ती ‘शरीरात साठलेला आघात मोकळा करण्याच्या’ तीन दिवसांच्या शिबिराला गेली. तेथे गादीवर आडवे करून, मोठ्या आवाजात संगीत लावून, पाऊण पाऊण तास भराभर श्वास घ्यायला लावत. दुसऱ्या दिवशी तिची बोटे आखडली, ओठ बधिर झाले आणि आपला हात आपला नाही, असे तिला वाटू लागले. संचालकांनी ‘आघात बाहेर पडतो आहे’ असे जाहीर केले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी तिला आणायला गेलो होतो. दसरा चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मागे बसलेल्या वहिनीने मला विचारले, ‘भावजी, हे कुठलं गाव?’ पुढचे तीन आठवडे भाकरी थापताना तिचा हात मध्येच थांबायचा आणि पीठ परातीतच वाळून जायचे.

यात गूढ काही नाही. भराभर श्वास घेतला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटे आखडतात, ओठांना मुंग्या येतात आणि भोवतालचे जग खोटे वाटू लागते. रिक्षाच्या चालकाला पाऊण तास असा श्वास घ्यायला लावला, तरी त्यालाही हेच होईल. ज्या बाईचा आजारच मुळी भान सुटण्याचा आहे तिचे भान पद्धतशीर सोडवायचे आणि त्याला उपचाराचे यश म्हणायचे, हे मला मान्य नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. अपरिचित पद्धत समोर आली की ‘किती जणांना बरे वाटले’ हे विचारू नये. ‘एखाद्याचे बिघडले तर ते तुम्हाला कसे कळते आणि मग तुम्ही काय करता’ हे आधी विचारावे. ज्याच्याकडे याचे उत्तर नाही त्याच्याकडे डिसोसिएशनचा रुग्ण नेऊ नये, मग ती पद्धत उद्या कितीही खरी ठरो.

शाहूपुरीतील समुपदेशक

आपल्या वहिनींना झालेल्या त्रासाबद्दल मनापासून वाईट वाटते, आणि त्या शिबिराचे समर्थन मी करणार नाही. मात्र एका वाईट शिबिरावरून आपण जी कसोटी काढली आहे ती सर्व नव्या पद्धतींना लावली, तर नवे काही उगवणारच नाही.

ईएमडीआरचे उदाहरण घ्या. रुग्णाने त्रासदायक आठवण मनात धरायची आणि थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे डोळे फिरवायचे, ही पद्धत फ्रान्सिन शापिरो यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली तेव्हा ती अनेकांना जादूटोण्यासारखीच वाटली. रिचर्ड मॅकनॅली या नाणावलेल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये तिची तुलना थेट अठराव्या शतकातील मेस्मरच्या, पुढे खोट्या ठरलेल्या चुंबकीय उपचारांशी केली. आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीच पद्धत आघातोत्तर ताणविकारासाठी (पीटीएसडी) सुचवलेल्या उपचारांत घेतली. मधल्या चोवीस वर्षांत तिने बऱ्या झालेल्यांनी पुराव्याची वाट पाहत घरी बसायला हवे होते काय?

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे. सिद्ध म्हणवणाऱ्या पद्धतींच्या चाचण्यांतून तीव्र डिसोसिएशन असलेले रुग्ण पुष्कळदा आधीच वगळले जातात. म्हणजे आपण ज्याला पुरावा म्हणता तो आपल्या वहिनींसारख्यांवर गोळा झालेलाच नसतो. मग त्यांच्यासाठी ‘सिद्ध’ आणि ‘असिद्ध’ यांतली रेघ आपण नेमकी कुठे ओढणार? माझ्यासमोर करवीर आणि शिरोळ तालुक्यांतून दोन एसटी बदलून येणारी माणसे बसतात. त्यांना ‘पुरावा येईपर्यंत थांबा’ असे सांगणे हासुद्धा एक निर्णयच असतो आणि त्याचेही दुष्परिणाम असतात.

पंचगंगाकाठ

आपला दुसरा मुद्दा मी मान्य करतो. तो मला लिहिताना सुचला नव्हता. पहिला मात्र माझ्याच बाजूचा आहे. शापिरो यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केला तो तुलनात्मक अभ्यास होता. छोटा होता, त्यात दोष होते, पण तो खोटा ठरवता येण्यासारखा होता आणि पुढे विरोधकांनीही तीच पद्धत तपासून पाहिली. शिवाय त्या चाचण्यांतून जे टिकले ते आठवणीला सुरक्षित वातावरणात सामोरे जाणे. डोळे फिरवण्याने त्यात नेमकी किती भर पडते, हा वाद अजून मिटलेला नाही.

रोझन आणि डेव्हिसन या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवले होते. उद्या कोणी रुग्णाच्या डोक्यावर जांभळी टोपी घालून जुनीच परिणामकारक थेरपी दिली, रुग्ण बरा झाला आणि त्याने ‘जांभळी टोपी थेरपी’ म्हणून प्रमाणपत्रे विकायला काढली, तर आपण टोपीला श्रेय देणार काय, असा त्यांचा सवाल होता. कोल्हापुरात टोपीच्या जागी फेटा येईल आणि प्रमाणपत्राबरोबर नारळही मिळेल, एवढाच फरक.

मंगळवार पेठ, तालीमवाला

एवढी चर्चा कशाला? जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. गुन्हा दाखल करा, शिबिरे आपोआप बंद पडतील. ज्याचा पुरावा नाही त्याच्यावर सरसकट बंदी हवी.

शाहूपुरीतील समुपदेशक

दादा, त्या कायद्याच्या अनुसूचीत ठरावीक अघोरी कृत्ये दिलेली आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे त्यात येते. गादीवर झोपवून श्वास घ्यायला लावणे त्यात बसवता येईल असे मला वाटत नाही. उपयोगी पडेल अशी चौकशी वेगळी आहे. स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची १९९२ च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी असावी लागते आणि तो नोंदणी क्रमांक कोणीही मागू शकतो. ‘हीलर’ अशी पाटी लावणाऱ्याला मात्र कोणी काही विचारत नाही. माझ्या स्वतःच्या व्यवसायाचीही हीच अडचण आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो.

निवृत्त परिचारिका, राजारामपुरी

मी पंचगंगाकाठ यांच्याशी सहमत नाही. पती गेल्यानंतर मला रात्री दचकून जाग यायची. एका मैत्रिणीने चेहऱ्यावर आणि हातावर बोटांनी टकटक करण्याची पद्धत शिकवली. चार महिन्यांत झोप लागू लागली. त्या टकटकीमागचे ऊर्जामार्गांचे स्पष्टीकरण मलाही पटत नाही, तीस वर्षे वॉर्डात काढली आहेत. पण तिने माझे काहीही बिघडवले नाही, एक रुपया खर्च झाला नाही आणि रात्री दोन वाजता करायला हातात काहीतरी होते. आपल्या कसोटीत या ‘काहीतरी’ला जागा आहे काय? ‘बरे वाटले’ हा पुरावा नसेल, पण जिला बरे वाटले तिला तो फालतूही म्हणता येत नाही.

पंचगंगाकाठ

ताई, फालतू मी म्हणणार नाही. चार महिन्यांत पुष्कळांची झोप आपोआपही परत येते, म्हणून श्रेय टकटकीला की काळाला हे आपल्याला सांगता येत नाही, एवढेच. आणि आपली पद्धत माझ्या कसोटीला उतरते : बिघडले असते तर आपल्याला लगेच कळले असते आणि हात थांबवणे आपल्याच हाती होते.

परंतु ‘बरे वाटले’ यावर माझा राग का आहे, तेही सांगतो. दुर्घटनेनंतर थोड्याच दिवसांत माणसाला बसवून घडलेले सारे तपशीलवार बोलायला लावण्याची पद्धत १९८० च्या दशकात जगभर पसरली. डीब्रीफिंग म्हणत तिला. ऐकायला किती शहाणपणाची वाटते! १९९७ मध्ये बिसन आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. तेरा महिन्यांनी पाहिले तेव्हा ज्यांना असे बोलते केले होते त्यांच्यातील २६ टक्क्यांना आघातोत्तर ताणविकार होता, ज्यांना काहीच केले नव्हते त्यांच्यात ९ टक्क्यांना. आणि बोलते केलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ते सत्र उपयोगी वाटल्याचे सांगितले होते. दोन्ही गटांचे मूळ दुखणे सारखे नव्हते, अशी हरकत त्या चाचणीवर घेतली जाते आणि ती रास्त आहे. पण पुढच्या एकत्रित आढाव्यांतही एका बैठकीच्या अशा डीब्रीफिंगचा फायदा दिसला नाही. आता एकदम तपशिलात नेण्यापेक्षा आधी सुरक्षितता, अन्न, नातेवाइकांशी संपर्क आणि ज्याला बोलायचे आहे त्याचे ऐकणे यावर भर देतात. २०१९ च्या पुरात कोल्हापूरच्या गल्लीगल्लीतून पोळी-भाजीची पाकिटे गेली, त्यांनी नकळत ते केले असेल.

शाहूपुरीतील समुपदेशक

डीब्रीफिंगचा दाखला मला निरुत्तर करतो. पदवीच्या काळात आम्हीच ते शिकलो होतो. तरी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. डिसोसिएशनमध्ये आधी भान आणि स्थैर्य, मग आठवणींचे काम, मग दैनंदिन जीवन, हा टप्प्याटप्प्याचा मार्ग फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिअर जाने यांच्या काळापासून चालत आला आहे आणि मीही तोच वापरतो. पण त्याचा पुरावा तरी किती भक्कम आहे? संशोधक बेथनी ब्रँड यांच्या गटाने अशा रुग्णांचा अडीच वर्षे मागोवा घेतला आणि सुधारणा दिसली, मात्र उपचार न घेतलेला तुलनेचा गट त्यात नव्हता, आणि मधेच गळलेल्यांचे काय झाले हा प्रश्न उरतोच. उलट द योंग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये लिहिले की आधी स्थैर्याचा टप्पा हवाच, असे म्हणायला पुरेसा आधार नाही आणि त्यापायी रुग्णाला खरा उपचार उशिरा मिळतो. म्हणजे मी ज्याला सावधपणा म्हणतो, तोही काही अंशी सवयीचा भाग असू शकतो. आपली कसोटी आम्हा प्रतिष्ठितांनाही लावावी. मी या महिन्यापासून दर बैठकीच्या आधी एका साध्या प्रश्नावलीवर गुण लिहून घेणार आहे. गुण सलग खाली गेले, तर रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणार. आजवर हे अंदाजाने करत होतो.

पंचगंगाकाठ

वहिनीने हा सारा धागा वाचला. पुढचे तिने सांगितले आणि मी लिहून घेतले.

‘भावजींनी शिबिराबद्दल लिहिलं ते खरं आहे, पण एक राहिलं. पहिल्या दिवशी मला तिथं चांगलं वाटलं होतं. इतक्या बायका रडत होत्या आणि कुणी कुणाला गप्प बस म्हणत नव्हतं. घरात तसं कधी झालं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी बोटं आखडली तरी मी उठले नाही, उठले असते तर सगळ्यांचं बिघडलं असतं असं वाटलं. शिबिर संपल्यावर तिथून एक फोन आला, पुढच्या शिबिराची फी सांगायला. कशी आहेस म्हणून कुणी विचारलं नाही.

आता ज्या मॅडमकडं जाते त्या पाऊस वाढला की हातात जोंधळ्याचे दाणे घ्यायला सांगतात, एकेक दाणा बाजूला ठेवत मोजायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, मी कुठं आहे, आज वार कोणता. पहिल्या भेटीत त्यांनी सांगितलं होतं, सहा भेटींत फरक पडला नाही तर माझ्याकडं येऊ नका, मी दुसरं नाव देईन. या जुलैत राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर गेल्याचा इशारा मोबाइलवर आला तेव्हा मी तव्यापुढं होते. भाकरी पुरी झाली. मॅडममुळं झाली, दाण्यांमुळं झाली की पाणी ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीवर गेलं नाही म्हणून झाली, हे मला सांगता येत नाही. पुढच्या पावसाळ्यात बघू.’