प्रयोग संपला की सेट कचऱ्यात. काय करावं?

प्रश्न: आमच्या हौशी नाट्यसंस्थेचं नेपथ्य मी बघतो. परवा शेवटचा प्रयोग झाला आणि सेट उतरवला. फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीसाठी उभे करायचे प्लायवूडचे पॅनेल, गोंद आणि खिळ्यांनी इतके घट्ट ठोकले होते की काढताना प्लायवूडच्या कडाच फाटल्या. थर्माकोलच्या खांबाचे दाणे अजून विंगेत सापडताहेत. ३ आठवडे खपून केलेलं सगळं एका रात्रीत कचऱ्याच्या गाडीत गेलं. फार लागलं मनाला. सुरुवात कुठून करू?

उत्तर: खिळे-गोंद सोडा, स्क्रू वापरा. फ्लॅटची मापं एकदाच ठरवून टाका. आमचे तेच फ्लॅट चौथ्या नाटकात उभे आहेत, फक्त रंग बदलतो. खांबासाठी जुन्या पुठ्ठ्यावर कागदाचा लगदा चढवा. वाळायला दिवस जातात, तेवढं आधीच धरून चाला.

उत्तर: दिव्यांकडेही बघा. १००० वॅटचा एक हॅलोजन ३ तास जळला की ३ युनिट वीज. २०० वॅटच्या एलईडीला ०.६ युनिट पुरते. मात्र एलईडी स्पॉट जुन्या डिमरवर (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) लावू नका. त्यांना थेट वीज लागते, नाहीतर लुकलुकतात, बिघडतातही.

प्रश्नकर्ता: स्क्रूचं एकदम पटलं, पुढच्या नाटकापासून तेच. अ‍ॅक्रिलिक रंगाचे ब्रश आम्ही थेट नळाखाली धुतो, तेही चुकतंय का?

उत्तर: हो, वाळलेलं अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच. ब्रश आधी चिंधीला नीट पुसा, मग बादलीत धुवा. गाळ रात्रभर खाली बसू द्या, तो मोरीत ओतू नका.