मदत हवी आहे: कोहा आणि मराठी पुस्तकांच्या नोंदी

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात चौदा वर्षं आहे. पुस्तकांच्या वर्गीकरणाची ड्यूई पद्धत हाताखालची आहे, तिथे अडत नाही. अडतंय ते दुसरीकडेच.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बसवलं. एजन्सीने अर्ध्या दिवसात पुस्तकांची देवघेव कशी नोंदवायची ते दाखवलं आणि गेली. मराठी पुस्तकांच्या जुन्या नोंदी सगळ्या रोमन लिपीत. परवा एका मुलीने देवनागरीत ‘टिळक’ टाईप केलं, उत्तर शून्य. पुस्तकं तिच्या पाठीमागच्याच कपाटात होती! रोमनमध्येही एकसारखं नाही: एका नोंदीत ‘Tilak’, दुसरीत ‘Tilaka’. मला फार वाईट वाटलं.

मार्क २१ या नोंदींच्या ठरावीक साच्यात ८८० क्रमांकाच्या फील्डमध्ये मूळ लिपी देता येते, हे वाचून कळलं. पण साधारण तीन हजार नोंदी एकेक उघडून बदलायच्या, की एक्सपोर्ट करून मार्कएडिट या नोंदी बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदम? की सरळ २४५ मध्येच, म्हणजे शीर्षकाच्या फील्डमध्ये, देवनागरी घालावी? कुणी केलंय का?

शिवाय प्राध्यापक आता ऑर्किड (संशोधकाचा ओळख क्रमांक), साहित्यचौर्य तपासणी, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर प्रबंध चढवणं, सगळं मलाच विचारतात. आमच्या पदवीच्या वेळी यातलं काहीच शिकवलं नव्हतं.

याच बडोद्यात सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालांना बोलावलं, १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग निघाला. विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठीचं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्रही जवळच. तिथलं कोहाचं प्रशिक्षण कुणी केलं असेल तर सांगा: हाताने करायला मिळतं, की नुसत्या स्लाइड? रजा एकदाच मिळेल, म्हणून विचारतेय.