कोशिंबीर तुमच्या घरची: काय चिरता, कशात कालवता?

पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर. नैवेद्य असो की लग्नाची पंगत, ही जागा ठरलेली. त्या जागेवर काय येतं ते मात्र घरोघरी निराळं. पाककृती हव्या तेवढ्या मिळतात, इथे हाताचे अनुभव लिहा. कोणाकडून शिकलात, काय घालता, काय अजिबात चालत नाही?

सुरुवात मीच करते. आमच्या पुण्याच्या घरी खमंग काकडी, आणि ती कोचवलेलीच. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, सुरीने तिच्या तोंडावर जवळजवळ घाव घालत ती फिरवत राहायची, मग वरचा पातळ काप काढायचा. बारीक, कोनाकोनाचे तुकडे ताटलीत पडतात. आई बोलता बोलता चार काकड्या संपवायची, हाताकडे बघायचीसुद्धा नाही. किसलेल्या काकडीचा लगदा होतो. कोचवलेली दाताखाली कुरकुरते. वर दाण्याचं जाडसर कूट, लिंबू, चिमूटभर साखर, आणि तुपात जिरं-हिरव्या मिरचीची फोडणी. आमच्याकडे ती उपासालाही चालते, म्हणून मोहरी-हळद नाही.

रत्नागिरीहून
आमच्याकडे कूट नाही, ओला नारळ. श्रावणात परसातल्या मांडवावर तवसं, म्हणजे मोठी गावठी काकडी, लागतं, त्याचीच कोशिंबीर. जून असेल तर आतला बियांचा गर काढून टाकायचा. देठाकडचा तुकडा कापून त्यानेच कापलेल्या जागी चोळायचं, पांढरा फेस येतो. कडूपणा त्याने जातो असं घरात सगळे मानतात. मी तरीही एक फोड चाखल्याशिवाय पुढे जात नाही, कारण एक कडू तवसं अख्खं पातेलं घालवतं.

साताऱ्याहून
काकडीचं कौतुक फार झालं, मेथीच्या घोळाण्याबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं. कोवळी मेथी निवडून, धुऊन, फडक्यावर पूर्ण कोरडी करायची. मग बारीक चिरून त्यात कांद्याची पात, कूट, लाल तिखट, मीठ आणि वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल. फोडणी नाही, दही नाही. हातानेच घोळायचा. बरोबर ज्वारीची गरम भाकरी. हिवाळ्यात आम्हाला भाजीची आठवण होत नाही.

नाशिकहून, केटरिंगचा व्यवसाय
घरची कोशिंबीर आणि पंगतीची कोशिंबीर यांत फरक वेळेचा. घरी कालवली की पाच मिनिटांत पानात पडते. कार्यालयात पहिली पंगत कधी बसणार ते गुरुजींच्या हातात. मीठ लागलं की काकडी पाणी सोडते, आणि मग पानात कोशिंबिरीचा ओघळ थेट वरणभातापर्यंत जातो. म्हणून आम्ही काकडी, कूट, दही सगळं वेगळं ठेवतो. दही आदल्या रात्री फडक्यात टांगतो. कूट बारीक दळून चालत नाही, पाणी धरायला भरड लागतं. मीठ-साखर वाढपी पातेली उचलायला आले की मगच, आणि प्रत्येक पंगतीला थोडं थोडं कालवायचं. उन्हाळ्याच्या लग्नांत दही आंबायची भीती, तेव्हा मी यजमानांना कोबीची पचडी सुचवतो: बारीक चिरलेला कोबी, भिजवलेली मूगडाळ, लिंबू, ओलं खोबरं, हिंग-मोहरीची फोडणी. तास-दीड तास ताजी राहते. मुलाला हाताखाली घेतलं तेव्हा पहिलं कामही हेच दिलं. भाजी बिघडली तर सावरता येते, पाणी सुटलेली कोशिंबीर सावरत नाही.

बंगळूरहून
वरची पचडी वाचून लगेच लिहायला घेतलं. इथे तिची सख्खी बहीण आहे, कोसंबरी. भिजवून निथळलेली मूगडाळ कच्चीच, त्यात काकडी किंवा गाजर, नारळ, लिंबू, वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. रामनवमीला गूळ-सुंठीच्या पानकाबरोबर रस्त्यातल्या मांडवांतून द्रोणात वाटतात. लग्न होऊन आले तेव्हा सासरची कच्ची डाळ पाहून मी बिचकले होते. मग चैत्रातल्या हळदीकुंकवाची आपली आंबेडाळ आठवली. तीही भिजवलेल्या कच्च्या हरभराडाळीचीच की! आता चैत्रात आमच्याकडे दोन्ही होतात.

सोलापूरहून
धागाकर्तीचं कोचवणं मान्य, पण मी किसते. सासूबाईंना दात नाहीत आणि कोशिंबिरीशिवाय त्यांचं जेवण होत नाही. गाजर बारीक किसणीवर, काकडी किसून हलकी पिळून, दही जरा जास्त, कूट अगदी मऊ, फोडणीतली मिरची काढून घेतलेली. पिळलेलं पाणी त्याच दिवशी थालिपिठाच्या पिठात. त्या वाटी पुसून खातात, मला अजून काही नको.

धागाकर्ती
सोलापूरकर ताई, पटलं. ज्याच्यासाठी करायची त्याला खाता आली पाहिजे, हे माझ्या कोचवण्याच्या हट्टापेक्षा मोठं आहे. नाशिककर दादा, टांगलेल्या दह्यात घरी थोडं दूध घातलं तर चालतं का, की फार सैल होतं? मुळा, पेरू आणि डाळिंब अजून कोणीच लिहिलेलं नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींची वाट बघतेय. पेरूच्या बिया काढता की ठेवता, तेवढं नक्की लिहा.